अर्ज गेला, संशोधन चालूच आहे. नवे काही घडले तर कळवायचे कसे?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतल्या पीएचडी आणि संशोधनप्रधान मास्टर्सच्या प्रवेशांविषयी मराठी वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले जाते, पण ते बहुतेक वेळा अर्ज ‘सबमिट’ करण्याच्या बटणापाशी येऊन थांबते. पीएचडीचे बहुसंख्य अर्ज १ ते १५ डिसेंबरच्या आसपास बंद होतात आणि निकाल जानेवारीपासून थेट एप्रिलच्या मध्यापर्यंत ठिबकत राहतात. एवढ्या काळात प्रयोगशाळा काही कुलूप लावून बसत नाही. कुणाचा शोधनिबंध नियतकालिकात स्वीकारला जातो, कुणाचे पोस्टर परिषदेत लागते, कुणी नव्या गटात कामाला लागतो. अर्जात यातले काहीच नसते, कारण अर्ज भरला तेव्हा ते घडलेलेच नव्हते.

यावर विद्यार्थ्यांना दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, अर्ज गेला, आता समितीला छेडू नका. दुसरा म्हणतो, काही ना काही पाठवत राहा, म्हणजे नाव डोळ्यांसमोर राहते. पहिल्यामुळे हातची खरी गोष्ट सांगायची राहून जाते. दुसऱ्यामुळे हात दाखवून अवलक्षण होते. कळवावे जरूर, पण वाचणाऱ्याचे मत ज्याने हलेल तेवढेच, शक्यतो एकदाच, एका पानात आणि योग्य दाराने.

आधी दार कोणते ते पाहू. अमेरिकी विद्यापीठात ‘ग्रॅज्युएट स्कूल’चे, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाचे, मध्यवर्ती कार्यालय अर्जाचा फॉर्म, शुल्क, गुणपत्रके आणि परीक्षांचे गुण सांभाळते. विद्यार्थी घ्यायचा की नाही हे मात्र विभागातल्या प्राध्यापकांची समिती ठरवते. या समितीच्या आणि अर्जदाराच्या मध्ये एक महत्त्वाची व्यक्ती असते, ती म्हणजे ग्रॅज्युएट प्रोग्राम कोऑर्डिनेटर. फाइल कुणाकडे गेली, वाचन सुरू झाले का, नवा कागद जोडता येईल का, हे तिला माहीत असते. विद्यार्थी मात्र वेबसाइटवर पहिला दिसेल तो पत्ता घेतात, आणि तो असतो मध्यवर्ती कार्यालयाचा. तिथे रोज शुल्क आणि पासवर्डच्या शेकडो तक्रारी येत असतात. तुमच्या निबंधाची बातमी त्या ढिगात पडते आणि विभागापर्यंत बहुधा पोचतच नाही.

अर्जाचा फॉर्म सबमिट केल्यावर कुलूपबंद होतो. सीव्ही, एसओपी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, म्हणजे आपला उद्देश मांडणारे निवेदन), कामाच्या नोंदी यांपैकी काहीच मग आतून बदलता येत नाही. बदलता येतात त्या साधारणपणे संपर्काचा पत्ता, परीक्षांचे गुण आणि अजून पत्र न दिलेल्या शिफारसकर्त्याचे नाव, एवढ्याच गोष्टी. सीव्ही किंवा एसओपी बदलण्यासाठी नवा अर्ज उघडून पुन्हा शुल्क भरणे हा शुद्ध वेडेपणा आहे. एकाच कार्यक्रमाचे एकाच सत्रासाठी दोन अर्ज अनेक ठिकाणी चालतच नाहीत, आणि पहिल्याचे शुल्क परत मिळत नाही. मात्र फॉर्म बंद झाला तरी अर्जाचे पोर्टल उघडे असते. बरीच विद्यापीठे ‘स्लेट’ ही प्रणाली वापरतात. तिच्या स्टेटस पानावर कागदपत्रांची यादी दिसते आणि विभागाने सोय ठेवली असेल, तर यादीखाली फाइल चढवायची जागाही असते. ती असेल तर तेच पहिले दार.

इथे एक खाच आहे. फाइल चढली म्हणजे वाचली गेली असे नाही. वाचकाने तुमची फाइल २० डिसेंबरला वाचून शेरा लिहिला असेल आणि तुम्ही २८ तारखेला कागद चढवला असेल, तर तो पुन्हा फाइल उघडेलच याची खात्री नाही. म्हणून चढवल्यानंतर कोऑर्डिनेटरला दोन ओळींची मेल करावी : अमुक कार्यक्रमासाठीच्या माझ्या अर्जात आज एक पानाचे संशोधनविषयक पुरवणी-पत्र जोडले आहे, समितीला दाखवता आले तर आभारी राहीन. एवढेच. पोर्टलवर जागा नसेल, तर याच मेलला पीडीएफ जोडावी. आणि विभागाच्या पानावर ‘अंतिम मुदतीनंतर नवे साहित्य स्वीकारले जात नाही’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर गप्प बसावे. नियम धाब्यावर बसवून पाठवलेला कागद समितीपुढे जात नाही, पण सूचना न वाचणारा विद्यार्थी अशी नोंद कुणाच्या तरी मनात होते. अशा ठिकाणी नवी गोष्ट मुलाखतीत सांगता येते. तिथे कोणी अडवत नाही.

सार्वजनिक आरोग्यासाठीच्या ‘सोफास’सारख्या केंद्रीय प्रणालीत एकच अर्ज अनेक विद्यापीठांना जातो. तिथे पाठवून झालेल्या जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. नवी बातमी ज्या-त्या विभागाला वेगळी कळवणेच खात्रीचे.

आता थेट प्राध्यापकाला लिहावे का? ते त्या विभागात विद्यार्थी कसे घेतात यावर अवलंबून आहे. जीवशास्त्राच्या बऱ्याच कार्यक्रमांत पहिल्या वर्षी तीन-चार प्रयोगशाळांत फिरून मग मार्गदर्शक ठरतो. तिथे प्रवेश समिती देते, एकट्या प्राध्यापकाच्या हातात फारसे नसते. क्लिनिकल सायकॉलॉजीत आणि अभियांत्रिकीच्या अनेक विभागांत मात्र विद्यार्थी एका विशिष्ट प्राध्यापकाकडेच घेतला जातो. त्याच्याशी अर्जापूर्वी पत्रव्यवहार झाला असेल आणि एसओपीत त्याचे नाव असेल, तर त्याला चार ओळी जरूर लिहाव्यात. ओळखदेख नसलेल्या सहा प्राध्यापकांना एकच मजकूर पाठवला, तर ते सहाजण एकाच मजल्यावर बसतात हे विसरू नये.

वेळेचे गणित सरळ आहे. मुदत संपल्यापासून जानेवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाठवलेला कागद फाइलसोबत वाचला जाण्याची शक्यता सर्वाधिक. नाताळच्या सुट्टीत कार्यालये बंद असतात. २३ डिसेंबरला पाठवलेल्या मेलला उत्तर आले नाही म्हणून २६ तारखेला आठवण करून देऊ नये. जानेवारीच्या उत्तरार्धात मुलाखतीच्या याद्या तयार होतात. त्यानंतरचे सगळे, प्रतीक्षा यादीचा अपवाद सोडल्यास, वरातीमागून घोडे.

काय कळवावे? याला माझी कसोटी एकच. फाइलमध्ये जी शंका राहिली असेल ती या बातमीने मिटते का? संशोधनाचा अनुभव एका उन्हाळ्यापुरताच असेल आणि डिसेंबरपासून तुम्ही एखाद्या गटात आठवड्याला २० तास काम करत असाल, तर मिटते. सीव्हीत ‘परीक्षणाधीन’ असलेला निबंध स्वीकारला गेला, तरी मिटते. अर्जात ज्या विषयात जायचे लिहिले त्याचा प्रत्यक्ष अनुभवच नव्हता आणि आता तो मिळू लागला, ही तर फारच मोलाची बातमी. याउलट ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र, एखाद्या कार्यशाळेला हजेरी, निबंध एका नियतकालिकातून परत येऊन दुसरीकडे पाठवला, प्रयोगाची संख्या आठवरून बारा झाली, ही सगळी खोगीरभरती. शेवटच्या सत्राचे गुण चांगले आले असतील तर गुणपत्रक पोर्टलवर चढवावे. त्यासाठी पत्राची गरज नाही.

खरी गोची शब्दांत होते, म्हणून तिथे थोडे थांबतो. निबंधाच्या वाटचालीला ठरलेल्या पायऱ्या आहेत : लिहून होत असलेला, पाठवलेला, परीक्षणाधीन, दुरुस्तीसाठी परत आलेला, स्वीकारलेला, छपाईच्या वाटेवर, प्रसिद्ध. प्रत्येक शब्दाला अर्थ आहे आणि वाचणाऱ्या प्राध्यापकाचे अर्धे आयुष्य त्या पायऱ्या चढण्यात गेलेले असते. ‘लिहून होत असलेला’ ही बातमीच नव्हे, ती प्रत्येकाकडे असते. ‘पाठवलेला’ म्हणताना नियतकालिकाचे नाव आणि पाठवल्याची तारीख द्यावी. पाठवल्याची पोच आली म्हणजे निबंध परीक्षकांकडे गेला असे नाही. संपादकाच्या टेबलावरून तो न वाचता परतही येऊ शकतो. संपादकाने किरकोळ दुरुस्त्या मागितल्या म्हणजे निबंध स्वीकारला गेला असेही नाही. ‘सशर्त स्वीकृती’ असे पत्रात शब्दशः लिहिले असेल तरच तसे लिहावे.

प्रीप्रिंट, म्हणजे परीक्षणाआधीच इंटरनेटवर खुला ठेवलेला निबंध, ही या बाबतीत फार सोयीची गोष्ट आहे, कारण ती वाचणाऱ्याला उघडून पाहता येते. भौतिकशास्त्र, गणित, संगणकशास्त्र यांसाठी १९९१ पासून चालू असलेले ‘आर्काइव्ह’ (arXiv) आणि जीवशास्त्रासाठी २०१३ पासूनचे ‘बायोआर्काइव्ह’ (bioRxiv) ही मुख्य ठिकाणे. आर्काइव्हवर पहिल्यांदाच निबंध टाकणाऱ्याला त्या विषयातल्या जुन्या लेखकाचे अनुमोदन लागू शकते आणि टाकलेला निबंध तपासणीसाठी काही दिवस अडकूही शकतो. म्हणून मुदतीच्या आदल्या रात्री हे काम काढू नये. पत्रात आर्काइव्हचा क्रमांक पूर्ण लिहावा : वर्षाचे दोन अंक, महिन्याचे दोन, मग टिंब आणि पाच अंक. बायोआर्काइव्हसाठी पूर्ण डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक. नुसता ‘इथे क्लिक करा’ असा दुवा देऊ नये, कारण कागदपत्रे एकत्र करून एक फाइल बनवताना दुवे अनेकदा मरतात आणि छापील प्रतीवर तर ते चालायचेच नाहीत. प्रीप्रिंट म्हणजे परीक्षण झालेला निबंध नव्हे, हे मात्र स्वतःच स्पष्ट लिहावे. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतेच. तुम्हाला ठाऊक आहे का, हे त्याला पाहायचे असते.

‘परिषदेत निवड झाली’ या वाक्याचे वजन विषयागणिक बदलते. संगणकशास्त्रात परिषदेचा निबंध म्हणजे परीक्षण होऊन निवडलेला पूर्ण निबंध. मशीन लर्निंगच्या आयसीएलआर या परिषदेचे निर्णय जानेवारीच्या उत्तरार्धात आणि कॉम्प्युटर व्हिजनच्या सीव्हीपीआरचे फेब्रुवारीच्या अखेरीस येतात, तिथे निवड होणे ही मोठीच गोष्ट. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या मार्चच्या अधिवेशनात मात्र सदस्यांनी पाठवलेले बहुतेक गोषवारे स्वीकारले जातात. अमेरिकन जिओफिजिकल युनियनच्या डिसेंबरमधल्या अधिवेशनात हजारो पोस्टरे लागतात. तिथे पोस्टर लावणे वाईट नाही, उलट काम एका टप्प्याला पोचल्याची ती खूण आहे. पण त्याला ‘प्रतिष्ठित परिषदेत निवड’ म्हटले की वाचणारा हसतो. आधी पोस्टर, भाषण की पूर्ण निबंध ते लिहावे, मग परिषदेचे नाव.

लेखकांच्या क्रमाबद्दलही तसेच. पहिले नाव कुणाचे, शेवटचे कुणाचे याला प्रयोगविज्ञानांत अर्थ असतो; गणितात मात्र नावे वर्णानुक्रमे येतात. म्हणून सगळी लेखकनावे मूळ क्रमाने द्यावीत आणि आपले ठळक करावे. लेखक वीस-पंचवीस असतील तर ‘२४ लेखकांपैकी सातवा’ असे सरळ सांगावे. मग आपण नेमके काय केले ते एका वाक्यात. नियतकालिके आता लेखकांच्या योगदानासाठी १४ भूमिकांची एक ठरीव यादी वापरतात; विदा (डेटा) गोळा करणे, विश्लेषण, सॉफ्टवेअर, आराखडा, पहिला मसुदा अशी ती आहे. तिच्यातले शब्द उचलले, तर अतिशयोक्तीही टळते आणि अतिनम्रताही.

अर्थात, अप्रकाशित काम तुमच्या एकट्याचे नसते. मार्गदर्शकाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय आकडे, आकृत्या, रेणूंच्या रचना असे काही पाठवू नये. ज्यांच्याकडे तुम्ही अर्ज करताय, त्यातल्या कुणाचा तरी गट त्याच प्रश्नावर काम करत असण्याची शक्यता चांगलीच असते. म्हणूनच तर तुम्ही तिथे अर्ज केलेला असतो! पेटंटचा विचार चालू असेल तर अधिकच जपावे. अमेरिकेत जाहीर वाच्यतेनंतर अर्ज करायला एक वर्षाची सवलत आहे, युरोपात साधारणपणे ती नाही. निबंध लेखकांची ओळख झाकून परीक्षणाला गेला असेल, तर त्या परिषदेचे गोपनीयतेचे नियम आधी वाचावेत. निष्कर्ष सांगता येत नसेल तर प्रश्न आणि पद्धत सांगावी. संशोधक म्हणून ओळख पटायला तेवढे पुरते.

नुकतेच सुरू झालेले काम हा सर्वांत अवघड प्रकार. तीन आठवड्यांत निष्कर्ष निघत नाहीत आणि ते निघाले असे भासवायचे कारणही नाही. वाचणाऱ्याला इथे चार गोष्टी हव्या असतात : कधीपासून, आठवड्याला किती तास, कुठल्या प्रश्नावर, आणि तुमच्या स्वतःच्या हातात काय आहे. उदाहरणादाखल दोन मजकूर ठेवतो. प्रत्यक्षात ते इंग्रजीत जातील. पहिला : ‘मी एका नामांकित प्रयोगशाळेत अत्याधुनिक संशोधनात सहभागी झालो असून विविध तंत्रे आत्मसात करत आहे.’ दुसरा : ‘५ डिसेंबरपासून आठवड्याला १५ तास यीस्टमधील प्रथिनांच्या घड्यांवर काम करतो. आतापर्यंत सहा उत्परिवर्तित वाण तयार केले, त्यांपैकी चारांची खात्री सीक्वेन्सिंगने झाली. उरलेल्या दोन्हींत प्रायमरची रचना बदलावी लागली. फेब्रुवारीपर्यंत त्यांच्या वाढीचे आलेख घ्यायचे आहेत.’ दुसऱ्यात यश कमीच आहे. तरीही समिती वाचेल दुसराच, कारण त्यात काम करणारा माणूस दिसतो. फसलेल्या दोन वाणांचा उल्लेख काढून टाकायचा मोह होईल, काढू नये.

‘सुरू होणार आहे’ आणि ‘सुरू झाले’ यांत गल्लत नको. जूनमध्ये रुजू व्हायचे लेखी पत्र हाती असेल तर ती एक ओळ आहे, अनुभव नव्हे. तासांची बेरीजही फुगवू नये. पूर्ण सत्र चालू असताना आठवड्याला ४० तास प्रयोगशाळेत, हे गणित प्राध्यापक मनातल्या मनात करून पाहतात.

पत्राची बांधणी : डोक्यावर अर्जात जसे आहे तसेच पूर्ण नाव, अर्ज क्रमांक, कार्यक्रमाचे नाव, पदवीचा प्रकार, प्रवेशाचे सत्र, तारीख. अर्ज क्रमांक विसरणे ही सर्रास होणारी चूक, कारण सारख्या नावाचे दोन अर्जदार निघणे मुळीच दुर्मीळ नाही. पहिल्याच वाक्यात बातमी. मग शंभर ते दीडशे शब्दांत काम. मग एखादे वाक्य, की एसओपीत मांडलेल्या अमुक दिशेशी याचा संबंध कसा. संबंध खरा असेल तरच; ओढूनताणून जोडलेला बादरायण संबंध लगेच कळतो. शेवटी आभाराची एक ओळ. एकूण २५० ते ३०० शब्द. सोबत सुधारित सीव्ही, त्यावर तारीख, आणि नव्या नोंदींपुढे ‘अर्जानंतर’ असा शब्द, म्हणजे वाचणाऱ्याला दोन सीव्ही शेजारी ठेवून फरक शोधावा लागत नाही. नवी एसओपी पाठवू नये. पहिली कच्ची होती एवढाच त्याचा अर्थ निघतो.

फाइल पीडीएफच असावी, शब्द निवडता येतील अशी, फोटो काढून चिकटवलेली नव्हे, आणि तिला पासवर्ड नसावा. नावात आडनाव, अर्ज क्रमांक आणि ‘अपडेट’ हा शब्द. ‘फायनल२नवीन’ असल्या नावाच्या फाइली रोज येतात. दहा विद्यापीठांना पाठवताना दहा वेगळ्या फाइली कराव्या लागतात, आणि सर्वांत लाजिरवाणी चूक तिथेच होते : आत दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव. उपाय सोपा आहे. विद्यापीठाचे नाव मजकुरात फक्त एकदा, अगदी वर येऊ द्यावे आणि पाठवण्याआधी फाइलमध्ये उरलेल्या नऊ नावांचा शोध घ्यावा. मेलमध्ये ‘यामुळे माझी शक्यता वाढेल का’ असे विचारू नये. त्याचे उत्तर द्यायला कोऑर्डिनेटरला परवानगीच नसते.

शिफारसपत्रांबाबत गैरसमज फार. बहुतेक ठिकाणी तीन पत्रे लागतात, काही ठिकाणी चौथ्याची जागा असते. नव्या मार्गदर्शकाने सहा आठवड्यांच्या ओळखीवर लिहिलेले चौथे पत्र ‘विद्यार्थी उत्साही आहे’ याच्यापलीकडे जात नाही, आणि असे पत्र उरलेल्या तिघांचे वजनही कमी करते. तीन-चार महिने काम झाले असेल आणि मार्गदर्शक तपशिलाने लिहिणारे असतील, तर गोष्ट वेगळी. एकदा जमा झालेले पत्र शिफारसकर्त्याला स्वतःहून बदलता येत नाही. पण ज्या प्राध्यापकाने पत्र दिले आहे तोच निबंधाचा सहलेखक असेल, तर त्याने कोऑर्डिनेटरला स्वतःच्या विद्यापीठाच्या पत्त्यावरून पाठवलेली दोन वाक्ये तुमच्या एका पानापेक्षा भारी पडतात. हा मार्ग विद्यार्थी क्वचितच वापरतात, बहुधा संकोचाने. शिवाय तुम्ही काय कळवताय ते शिफारसकर्त्यांना आधी दाखवावे. एकाने पत्रात ‘मसुदा लिहिला जात आहे’ म्हटले आणि तुम्ही ‘पाठवला’ म्हणालात, तर विसंगती दिसते. दोन्हींवर तारखा असतील तर दिसत नाही.

भर घालणे वेगळे आणि चूक दुरुस्त करणे वेगळे, हेही लक्षात असू द्यावे. अर्ज पाठवताना माहिती खरी असल्याचे प्रमाणपत्र तुम्ही दिलेले असते. ‘पाठवला’ ऐवजी चुकून ‘स्वीकारला’ असे गेले असेल, तर ते लक्षात येताच, मुदत आणि नियम काही असोत, लेखी कळवलेच पाहिजे. दोन ओळी पुरतात, पाल्हाळ नको. परीक्षणाधीन म्हटलेला निबंध नंतर नाकारला गेला, तर तेवढ्यासाठी मुद्दाम पत्र लिहायची गरज नाही. अर्जाच्या दिवशी ते विधान खरेच होते. मुलाखतीत विचारले तर मात्र आजची स्थिती सांगावी. परीक्षकांचे आक्षेप काय होते आणि त्यावर काय करताय हे शांतपणे सांगणारा उमेदवार मुलाखतीत उठून दिसतो.

आता राहिली प्रतीक्षा यादी, जिथे या सगळ्याचा खरा उपयोग होतो. अमेरिकेतल्या कौन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सच्या ठरावानुसार, त्यात सामील असलेल्या विद्यापीठांकडून आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला उत्तर द्यायला विद्यार्थ्याला १५ एप्रिलपर्यंत मुभा असते. त्यामुळे चांगल्या उमेदवारांकडे मार्चमध्ये चार-पाच जागा अडकून असतात आणि एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात, विशेषतः अखेरच्या दोन-तीन दिवसांत, त्या पटापट सुटतात. सुटलेल्या जागेसाठी कुणाला विचारायचे हे ठरवताना समितीपुढे साधारण सारख्याच तोलाची पाच-सहा नावे असतात. तिथे डिसेंबरनंतर तुम्ही काय केले याला किंमत येते. मार्चच्या मध्याला एक पान पाठवावे : अजून यायची इच्छा आहे, हे तीन महिन्यांत झालेले काम. जागा मिळाली तर नक्की येईन, हे खरे असेल तरच लिहावे. स्वतःची शिष्यवृत्ती मिळाली असेल तर त्याच दिवशी कळवावी. पैसा हीच अनेकदा जागेची अडचण असते. अमेरिकी नागरिक आणि कायम रहिवाशांसाठी असलेल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या ग्रॅज्युएट रिसर्च फेलोशिपची यादी सहसा एप्रिलच्या सुरुवातीला लागते, नेमकी या घडामोडींच्या तोंडावर, आणि तिच्यातले नाव प्रतीक्षा यादीचा क्रम बदलू शकते.

नकार आल्यावर मात्र नव्या निबंधाच्या जोरावर फेरविचार मागू नये. तो होत नाही. ती सामग्री पुढच्या डिसेंबरसाठी ठेवावी. तोवर ‘परीक्षणाधीन’चे ‘प्रसिद्ध’ झालेले असेल आणि नवा मार्गदर्शकही वर्षभराच्या ओळखीवर लिहू शकेल.

एक साधा तक्ता केला तर या सगळ्यातला गोंधळ बराच टळतो. प्रत्येक कार्यक्रमासाठी एक ओळ. रकान्यांत अर्ज क्रमांक, नवे साहित्य चालते की नाही आणि ते कुठे लिहिले आहे, कोऑर्डिनेटरचे नाव, पोर्टलवर चढवल्याची तारीख, मेलची तारीख, पोच. पोच आठवडाभरात आली नाही तर पोर्टलमध्ये जाऊन फाइल यादीत दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर काम झाले, पुन्हा लिहू नये. दिसत नसेल तर तीच मेल, तीच फाइल, एकदाच.

आपला,
एक नियमित वाचक